त्या मोबाइलात मी हाय का?

माझ्या फोनमध्ये 'योगा प्लॅन्स' नावाचं एक फोल्डर आहे. त्यात ३६ पीडीएफ आहेत. 'पौर्णिमा स्पेशल फ्लो', 'सोमवारचं हिप ओपनिंग', 'नवरात्रीचे नऊ रंग, नऊ वर्ग', 'साठ मिनिटांत बकासन'. काही फुकट मिळाल्या, काहींसाठी मी पैसे मोजले. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर थोड्याफार फरकानं एकच आश्वासन असतं: वर्गाची तयारी करताना आता घाम फुटणार नाही, आत्मविश्वासानं मॅटवर पाऊल टाका.

हा लेख त्या फोल्डरविरुद्ध आहे. तुम्ही योगशिक्षक असाल, किंवा दोनशे तासांचा कोर्स करून व्हायच्या बेतात असाल, तर तुमच्याही फोनमध्ये असं एखादं फोल्डर असणार. नसेल तर एखाद्या एआयला 'बिगिनर्ससाठी एक तासाचा क्लास बनवून दे' असं सांगून तुम्ही मोकळे होत असाल. मला राग तुमचा नाही. मीही तेच करत होते. मी चिडले आहे ती आपल्याला विकल्या जाणाऱ्या एका कल्पनेवर: वर्ग म्हणजे आसनांची यादी, आणि यादी हातात असली की शिक्षक तयार.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघाली ती मंडईत. कशी, ते आधी सांगते.

आठवड्यातल्या पाच संध्याकाळी मी पश्चिम पुण्यातल्या एका स्टुडिओत शिकवते. लाकडी फरशी, मंद दिवे, लॅव्हेंडरचा वास. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मात्र मी महात्मा फुले मंडईच्या मागच्या बाजूला, शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर असते. तिथल्या हॉलमध्ये सतरंज्या आहेत, दोन पंखे आहेत आणि खालून कांद्याच्या पोत्यांचा वास येतो. वर्गाला येतात त्या मंडईत आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर भाजी विकणाऱ्या अकरा-बारा बायका. सुरुवात झाली ती आजीमुळे. आजी ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं मेथी-शेपू घेत आली, त्या मावशी एकदा मला म्हणाल्या, "तू लोकांना योगा शिकवतीस म्हणं. मग आमच्या कंबरेचं काय तरी बघ की."

पहिल्या वर्गाला मी जय्यत तयारीनं गेले. फोल्डरमधली सगळ्यात देखणी पीडीएफ निवडली होती. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून समोर उभा केला. प्लॅन 'हिप ओपनिंग'चा होता, म्हणजे खुब्याचे सांधे मोकळे करण्याचा. श्वास, मांजरासन, मग मालासन. मालासन म्हणजे आपलं उकिडवं बसणं. माझ्या स्टुडिओतल्या निम्म्या लोकांच्या टाचा या आसनात जमिनीला टेकत नाहीत, त्यांना टाचांखाली घडी घातलेली मॅट द्यावी लागते. इथे मी आसन करून दाखवायच्या आत अकराजणी पदर खोचून बसल्यासुद्धा. टाचा जमिनीवर, पाठी सरळ, चेहऱ्यावर 'पुढं काय?'. पीडीएफ म्हणत होती, इथे दोन मिनिटं थांबा, सांध्यांत तयार होणारी जागा अनुभवा. मीही तसंच म्हणाले.

मावशी म्हणाल्या, "अगं, असं तर सकाळपासून बसलोय. उठायचं कसं, ते शिकव."

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पुढच्या ओळीकडे वळले. पुढे सूर्यनमस्कारांचे पाच फेरे होते. तिसऱ्या फेऱ्यात उत्तानासनातून वर येताना मावशींनी भिंत धरली आणि तिथेच खाली बसल्या. कपाळावर घाम, ओठ कोरडे. त्या क्षणी मी काय केलं असेल? मी फोनकडे पाहिलं. पुढचं आसन काय आहे, ते पाहिलं. हे लिहितानाही लाज वाटते.

नंतर कळलं ते असं: मावशींना रक्तदाबाची गोळी चालू होती, त्या दिवशी ती राहिली होती. पहाटे चारला त्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घ्यायला गेल्या होत्या. पोटात दोन कप चहाशिवाय काही नव्हतं. यातलं काहीच मला माहीत नव्हतं, कारण यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. पाणी पिऊन, दहा मिनिटं भिंतीला टेकून बसल्यावर मावशी शांतपणे म्हणाल्या, "पोरी, तू सारखी त्या मोबाइलात बघत हुतीस. त्या मोबाइलात मी हाय का?"

पुढचे तीन आठवडे मावशी आल्या नाहीत.

आता वाद घालू.

त्या पीडीएफमध्ये चूक एकही नव्हती. आसनांचा क्रम रास्त होता, वॉर्म-अप होता, शेवटी शवासन होतं. चूक होती ती पत्त्यात. तो प्लॅन दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत काढणाऱ्या शरीरासाठी लिहिला होता. खुर्चीतल्या माणसाच्या मांड्यांचे पुढचे स्नायू आखडतात, खुबे जाम होतात, घोटे वाकेनासे होतात. त्याला उकिडवं बसवणं हे औषध असू शकतं. पण ओट्यावर किंवा रस्त्यावर पोत्यावर दिवस काढणाऱ्या बाईला तेच आसन देणं म्हणजे पोळ्या लाटून आलेल्या माणसाला मनगटाच्या व्यायामासाठी लाटणं देणं. तिची गरज उलटी आहे: गुडघ्यांवरचा भार उतरवायचा, पुढे झुकलेले खांदे मागे आणायचे, कंबर जमिनीवर मोकळी सोडायची, आणि हो, जमिनीवरून उठायचं कसं हे शिकायचं.

इंटरनेटवरचे बहुतेक तयार प्लॅन खुर्चीतल्या माणसाला गृहीत धरतात. योग ज्या देशातून गेला त्या देशातल्या कष्टकरी बाईचं शरीर त्या प्लॅनमध्ये कुठेच नाही. आणि आपण तेच प्लॅन डाउनलोड करून परत तिच्यासमोर ठेवतो.

"पण परंपरेतही ठरलेला क्रम असतोच की," असं कुणी म्हणेल. असतो. म्हणून पुण्याचंच उदाहरण घेऊ.

१९३७ साली टी. कृष्णम्माचार्यांनी आपल्या अठरा वर्षांच्या मेव्हण्याला पुण्यात डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला पाठवलं, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. तो मुलगा म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. मराठी येत नव्हती, इंग्रजी जेमतेम. विद्यार्थी त्याच्यापेक्षा धडधाकट आणि जास्त शिकलेले. गुरूकडून मिळालेलं शिक्षण थोडं होतं, हे पुढे ते स्वतःच सांगत. आजच्या भाषेत बोलायचं तर प्रमाणपत्र नाही, प्लॅन नाही, कॉन्फिडन्स नाही. मग त्यांनी केलं काय? तासन्‌तास स्वतःच्या शरीरावर सराव केला आणि समोरच्या शरीरांकडे पाहिलं. ज्यांचा हात जमिनीपर्यंत पोचत नाही त्यांच्या हाताखाली वीट आली. ज्यांना पाय धरता येत नाही त्यांच्यासाठी पट्टा आला. खुर्ची आली, दोर आले, लोड आले. आज जगभरच्या स्टुडिओंत जे 'प्रॉप्स' रचून ठेवलेले असतात, त्यांचा मोठा भाग या पाहण्यातून आला.

याच अय्यंगारांच्या १९६६ सालच्या 'लाइट ऑन योग'मध्ये शेवटी तीनशे आठवड्यांचा अभ्यासक्रम दिलेला आहे. तीनशे आठवडे, म्हणजे जवळजवळ पावणेसहा वर्षं. त्याला प्लॅनच म्हणायला हवं. त्यांच्या परंपरेतल्या वर्गांत महिन्याचा एक ठेकाही असतो: पहिला आठवडा उभ्या आसनांचा, दुसरा पुढे वाकण्याचा, तिसरा मागे वाकण्याचा, चौथा विश्रांतीचा आणि प्राणायामाचा. म्हणजे नियोजन तर आहेच, आणि काटेकोर आहे. पण ते तीन दशकांच्या पाहण्यानंतर कागदावर आलं. आणि त्या चौकटीत शिक्षक वर्गभर फिरतो, एकेकाचा गुडघा बघतो, थांबवतो, वीट देतो. आपण कागद उचलला आणि पाहणं मागे ठेवलं.

दुसरं उदाहरण लोणावळ्याचं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केलं. नौली, उड्डियान करताना पोटात नेमकं काय होतं हे त्यांनी क्ष-किरणांखाली तपासलं आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापलं. पुढे शाळांमध्ये मुलांच्या मोठ्या गटाला एकत्र योग कसा शिकवायचा, याची पद्धतही त्यांनी घातली. आज आपण ज्याला 'योगा क्लास' म्हणतो, रांगेत मॅट, समोर शिक्षक, एकाच वेळी सगळ्यांची एकच हालचाल, तो काही ऋषिमुनींच्या काळातला नाही. हठयोगाचे ग्रंथ गुरू आणि एक साधक असं गृहीत धरतात. गटाचा वर्ग ही बरीचशी विसाव्या शतकातली, व्यायामशाळेच्या शेजारी वाढलेली गोष्ट आहे, आणि ती घडवण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. कुवलयानंद स्वतः बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम शिकले होते. गटाचा वर्ग हवाच, त्याशिवाय योग घराघरांत पोचला नसता. पण गटात एक माणूस हरवण्याचा धोका पहिल्या दिवसापासून आहे, आणि तो टाळणं हेच शिक्षकाचं काम आहे. यादी वाचून दाखवायला स्पीकर पुरतो.

आणि २१ जूनचं काय? आयुष मंत्रालयाचा सामान्य योगाभ्यासक्रम मला उपयोगी वाटतो. मैदानावर हजारभर अनोळखी लोक असतात, तिथे ताडासन, वृक्षासन, पादहस्तासन असा एक ठरलेला, सौम्य क्रम लागतोच. त्या पुस्तिकेत आसनांखाली सावधगिरीच्या सूचनाही दिलेल्या असतात: हे कुणी करू नये, ते कुणी जपून करावं. आपल्या रीलमध्ये आणि पीडीएफमध्ये पहिल्यांदा गाळली जाते ती नेमकी हीच ओळ. शिवाय तो क्रम अनोळखी गर्दीसाठी आहे. माझ्या वर्गातल्या अकराजणी गर्दी नाहीत. मला त्यांची नावं माहीत आहेत, गुडघे माहीत असायला हवे होते.

आता जरा अप्रिय बोलते. हे तयार प्लॅन नेमके कुणाच्या सोयीचे आहेत?

एका स्टुडिओनं एकदा मला महिन्याभराचे वर्ग आधीच लिहून मागितले. तारीख, थीम, आसनांचा क्रम, कुठल्या मिनिटाला काय, कुठलं गाणं. मला वाटलं, काय शिस्त आहे! पुढच्या महिन्यात मी चार दिवस आजारी पडले. माझ्या जागी दुसरी मुलगी आली, तिच्या हातात माझाच कागद दिला गेला आणि वर्ग बिनबोभाट पार पडले. तिचा काही दोष नव्हता. पण परत आल्यावर माझ्या लक्षात आलं, की तो कागद माझ्या आत्मविश्वासासाठी मागितलेलाच नव्हता. माझ्या जागी कुणालाही उभं करता यावं, यासाठी तो होता. माणूस बदलला तरी माल तोच निघाला पाहिजे. त्या तयारीचे मला पैसे मिळाले का? नाही. पैसे मॅटवरच्या साठ मिनिटांचे. घरी रात्री बसून केलेला विचार हा 'पॅशन'च्या खात्यात.

यात मौज अशी, की क्रम ही कुणाची मालमत्ताच नसते. बिक्रम चौधरी यांनी सव्वीस आसनं आणि दोन श्वसनक्रिया यांच्या आपल्या ठरावीक क्रमावर स्वामित्वहक्क सांगितला होता. २०१५ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं तो फेटाळला. क्रम ही एक पद्धत आहे, तिला कॉपीराइट लागू होत नाही, असा निकाल दिला. स्वयंपाकाच्या कृतीसारखंच आहे हे. पिठलं कसं करायचं ते कुणीही लिहू शकतं. आज पाहुणा आजारातून उठलाय म्हणून मिरची कमी घालायची, हे फक्त चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाला कळतं. आपण मिरची कमी करणारी माणसं आहोत. आणि आपण विकत काय घेतोय? पिठल्याची कृती.

दोनशे तासांबद्दलही बोललं पाहिजे. हा आकडा रूढ केला तो १९९९ साली स्थापन झालेल्या 'योग अलायन्स' या अमेरिकी संस्थेच्या नोंदणीनं. पतंजलीला तो ठाऊक नव्हता. मी स्वतः दोनशे तास केले आहेत. शरीरशास्त्र शिकले, सूत्रं पाठ केली, उलटे-सुलटे क्रम रचले. पण शिकवून बघायला समोर कोण होतं? आम्हीच एकमेकींच्या समोर. पंचविशीतल्या, लवचीक, निरोगी वीसजणी. सुजलेला गुडघा मी कोर्समध्ये पाहिलाच नाही. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा मला त्रिकोणासनाचे सात फायदे तोंडपाठ होते, आणि साठीच्या बाईला जमिनीवरून कसं उठवायचं ते येत नव्हतं.

दुसऱ्या बाजूच्या लोकांनी इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. "खरा शिक्षक प्लॅन करतच नाही, त्याला आतून सुचतं," असं म्हणणारे ज्येष्ठ मला भेटलेत. एकांच्या वर्गात मी वर्षभर जात होते. त्यांना रोज 'आतून' तीच आठ आसनं सुचायची. तयारी न करणं हा साक्षात्कार नव्हे, तो आळस आहे. नियोजन हवंच. प्रश्न इतकाच, की नियोजन कशाचं?

याचं उत्तर मला मावशींनीच दिलं, आणि तेही योगाबद्दल एक शब्द न बोलता. तीन आठवडे त्या आल्या नाहीत तेव्हा मी माफी मागायला त्यांच्या गाळ्यावर गेले. त्यांनी मला ओट्याच्या कडेला बसवलं, मेथीची जुडी निवडायला दिली आणि गिऱ्हाइकं सांभाळत बोलत राहिल्या. उद्याचा माल काय घ्यायचा, हे त्या कसं ठरवतात? उद्या संकष्टी आहे का, एकादशी आहे का. असेल तर रताळी जास्त. पितृपंधरवडा असला की गवार, कारली, भोपळा, अळू. भोगीला वांगी, गाजर, पावटा. चातुर्मासात वांगी बेतानं, कारण चंपाषष्ठीपर्यंत वांगं न खाणारी घरं अजून आहेत. पाऊस लागून राहिला असेल तर पालेभाजी कमी, सडते. समोरच्या इमारतीतल्या आजी दवाखान्यात आहेत, त्यांचा रोजचा दुधी घ्यायचा नाही. आणि हे सगळं ठरवूनही पहाटे यार्डात भाव बघून अर्धं बदलायचं, दुपारी उठाव बघून परत बदलायचं.

"आणि लिहून नाही ठेवत?" मी विचारलं.

"कशाला? गिऱ्हाईक ध्यानात असलं की माल ध्यानात ऱ्हातो."

सहजतेनं आणि आत्मविश्वासानं केलेलं नियोजन मी पाहिलं ते तिथे. मावशींची खात्री यादीतून येत नाही. कोण येणार आहे आणि त्याला काय लागणार आहे, हे माहीत असण्यातून येते. आणि चुकलं तर संध्याकाळी भाव उतरवता येतो, हेही माहीत असण्यातून येते.

तर आता माझा प्लॅन कसा असतो? शाळेच्या वहीचं अर्धं पान. त्यावर चार ओळी. पहिली: आज कोण येणार? दुसरी: त्यांचं शरीर सकाळपासून काय करत आलंय? तिसरी: आज एकच गोष्ट कुठली शिकवायची? चौथी, सगळ्यात महत्त्वाची: आज काय वगळायचं?

मंडईच्या वर्गाचं सांगते. वेळ दुपारी अडीच, कारण तेव्हा गिऱ्हाईक विरळ असतं. पहाटेची शुद्ध हवा वगैरे ठीक आहे, पण ब्राह्ममुहूर्तावर माझे विद्यार्थी टेम्पोत पोती चढवत असतात. रिकाम्या पोटाचा नियम आहे, म्हणून मी विचारलं, की जेवता कधी? बऱ्याचजणी एकला जेवायच्या. वर्गाच्या दिवशी अकराला थोडं खायचं आणि जेवण वर्ग झाल्यावर, हे त्यांनीच आपापसांत ठरवलं. वर्ग चाळीस मिनिटांचा. सुरुवात शवासनानं, पाय खुर्चीवर किंवा पोत्याच्या गुंडाळीवर. हो, सुरुवातीलाच. पीडीएफमध्ये शवासन शेवटी असतं, कारण खुर्चीतल्या माणसाला आधी हलवावं लागतं. या बायका पहाटेपासून हलतच असतात, त्यांना आधी थांबवावं लागतं. मग पडल्या पडल्या एकेक गुडघा पोटाशी, मग सेतुबंध. मग भिंतीला पाठ लावून ताडासन, खांदे मागे. मग उठणं: कुशीवर वळा, हात टेका, एक गुडघा टेका, दुसरं पाऊल पुढे, हात मांडीवर, श्वास सोडत उभ्या राहा. हा आमचा 'पीक पोझ'. शेवटी भ्रामरी, बसून.

वगळलेलं काय? भराभर सूर्यनमस्कार. डोकं खाली ठेवून थांबणं. श्वास रोखणं. रक्तदाब असलेल्यांना हे तिन्ही नकोच, आणि माझ्या वर्गात तशा चौघी आहेत. दुखऱ्या गुडघ्यांना वज्रासनही नको. खुर्चीवर बसलं तरी योग भ्रष्ट होत नाही. नवीन कुणी आलं की दारातच पाच गोष्टी विचारते: रक्तदाब, गुडघे-कंबर, डोळ्यांचा दाब, अलीकडचं ऑपरेशन, दिवस गेलेत का. आणि रोज सगळ्यांना एकच प्रश्न: आज कसं वाटतंय? या प्रश्नानं अर्ध्या पानाची चौथी ओळ दर वर्गाला बदलते.

याला वेळ किती लागतो? पीडीएफ शोधण्यापेक्षा कमी. स्टुडिओच्या वर्गासाठी मी हीच चार ओळींची पद्धत वापरते, आणि तिथले वर्ग अगदी वेगळे निघतात. तिथे आम्ही उभ्यानं सुरुवात करतो आणि मालासन जरूर करतो, टाचांखाली मॅट घेऊन.

तुम्ही नवीन आहात, वर्गात उभं राहताना पाय लटपटतात, हे मला मान्य आहे. एक जुना, ठरलेला क्रम पाठ असू द्या, पोहायला शिकताना डबा बांधतात तसा. पण डबा विकणारा 'हाच पोहणं आहे' असं म्हणायला लागला, तर त्याच्याशी भांडा. स्टुडिओनं महिन्याचे प्लॅन मागितले तर तयारीच्या तासाचे पैसे मागा. चाळीस लोकांचा वर्ग दिला तर विचारा, की चाळीस गुडघ्यांच्या जोड्या मी एकटीनं कशा बघायच्या? कोर्सची फी भरण्याआधी विचारा, की सरावासाठी समोर कुठली माणसं असतील, आमच्यासारखीच की आमच्या आई-मावशींसारखी? हे प्रश्न विचारायला जो आत्मविश्वास लागतो, तोच खरा. पौर्णिमा स्पेशलमधून तो मिळत नाही.

मंडईची इमारत १८८६ची, आधी तिला रे साहेबांचं नाव होतं. पुण्याच्या नगरपालिकेत सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. आता तिच्या शेजारी जमिनीखालून मेट्रो जाते. दर मंगळवारी त्या अष्टकोनी मनोऱ्याखालून जाताना मला ही गोष्ट आठवते. देखणी चौकट उभी करणं सोपं असतं. तिच्यात बसलेल्या माणसाला शिकवायचं काम मात्र मागे राहतं.

मावशी चौथ्या आठवड्यात परत आल्या. गोळी घेऊन, अकराला अर्धी भाकरी खाऊन. मी दारात उभी होते, फोन पिशवीत होता. त्यांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "आज गुडघा लई दुखतोय. सांग, काय नको करू?"

मी वही उघडून चौथी ओळ खोडली आणि नवी लिहिली.